साडेसहा मीटरचा राजासॉरस फायबरमध्ये कसा उभा करावा

संग्रहालयाने डायनासोर मागितला की बहुतेक कारखान्यांत टी-रेक्सचाच फोटो पुढे येतो. भारतात प्रदर्शन असेल तर राजासॉरस जास्त शोभतो आणि आकारानेही आटोक्यात राहतो. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली इथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९८२ ते १९८४ या काळात त्याची हाडं गोळा केली आणि २००३ मध्ये त्याचं राजासॉरस नर्मदेन्सिस असं नामकरण झालं. लांबीचे जुने अंदाज नऊ मीटरपर्यंत जात होते, अलीकडचा अंदाज ६.६ मीटर आहे. पुढची सगळी मापं ६.६ मीटर धरूनच दिली आहेत.

ज्या लामेटा खडकांत तो सापडला तेच खडक आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा आणि डोंगरगावला उघडे पडलेत. डोंगरगावचा इसिसॉरस हा लांब मानेचा शाकाहारी डायनासोर. विदर्भातल्या संग्रहालयासाठी तोही चांगला पर्याय आहे. कामाची पद्धत तीच, फक्त लोखंड बरंच वाढतं.

आधी हाडं

राजासॉरसचा सगळा सापळा मिळालेला नाही. कवटीचा मेंदूभोवतालचा भाग, मणके, कंबरेची हाडं, मागच्या पायांचे आणि शेपटीचे काही भाग एवढंच हाती आहे. कपाळावर एकच बुटकं शिंग होतं हे हाडावरून नक्की कळतं. जबड्याचा पुढचा भाग आणि हात मात्र नातेवाइकांकडून उसने घ्यावे लागतात: मादागास्करचा मजुंगासॉरस आणि अर्जेंटिनाचा कार्नोटॉरस. म्हणून पहिल्याच दिवशी सापळ्याच्या बाजूच्या आराखड्याच्या दोन प्रती काढा. एकीवर सापडलेली हाडं लाल रंगवा, दुसरीवर उसनी निळी. हे दोन्ही कागद शेवटपर्यंत भिंतीवर राहू द्या. माहितीफलक लिहिताना संग्रहालयाचे लोक हेच मागतात.

या कुळात ठरावीक चुका होतात. डोकं टी-रेक्ससारखं लांब केलं जातं, पण ते आखूड आणि उंच हवं. हात टी-रेक्सचे लावले जातात, पण या कुळात कोपराखालचा हात जवळजवळ उरलेलाच नाही, आणि बोटं चार, बारकी. गिऱ्हाईक म्हणतं, ‘हात फारच छोटे दिसतात हो.’ तेव्हा ते लाल-निळे कागद पुढे करायचे आणि हात तसेच ठेवायचे. शेपूट जमिनीला टेकवायची नाही, ती पाठीच्या रेषेत मागे ताठ जाते. कवटीतली भोकं बाहेरून दिसतील इतकी कातडी हाडाला चिकटवायची नाही, नाहीतर प्राणी उपाशी मेल्यासारखा दिसतो. तोंड मिटलेलं असताना सगळे दात बाहेर ठेवायचे की ओठांखाली झाकायचे हा वाद अजून आहे. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत आलेल्या अभ्यासाने ओठांच्या बाजूने कौल दिला. तोंड थोडं उघडं ठेवलं तर दोन्ही बाजूंना फारसं बोलता येत नाही.

असल्या चुका फार टिकतात. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेत १८५४ मध्ये वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने उभ्या केलेल्या इग्वानोडॉन या डायनासोरच्या नाकावर शिंग आहे. ते खरं तर अंगठ्याचं हाड. त्या एका प्राण्यात ६०० विटा, ३८ पिंपं सिमेंट आणि ९ फुटी चार लोखंडी खांब गेले. अंगठ्याचं कोडं पुढे सुटलं, पण तो पुतळा आजही तसाच उभा आहे.

एकास दहाचं मॉडेल

६६ सेंमी लांबीचं मॉडेल तेलमातीत बनवा. यात घाई केली तर पुढे प्रत्येक मिलिमीटरचा सेंटिमीटर होतो. आत तारेचा सांगाडा, त्यावर आराखड्याप्रमाणे हाडं, मग स्नायू, मग कातडी, याच क्रमाने जा. थेट बाहेरचा आकार घडवायला गेलात की मांडी आणि शेपटीचं मूळ हमखास बारीक होतं. शेपटीच्या मुळातूनच मांडीला मागे खेचणारा मोठा स्नायू निघतो, तिथे भरपूर मांस हवं.

मॉडेल झालं की तीन चाचण्या करा. तिन्ही फुकटातल्या आहेत.

पहिली पाण्याची. मॉडेलवर पातळ प्लास्टिक घट्ट लपेटून ते काठोकाठ भरलेल्या पिंपात बुडवा आणि सांडलेलं पाणी मोजा. १.४ लिटर सांडलं तर खऱ्या प्राण्याचं आकारमान हजारपट, म्हणजे १४०० लिटर. फुप्फुसांच्या हवेसाठी त्याला ०.९ ने गुणा, साधारण साडेबाराशे किलो येतात. या बांध्याला एक ते दीड टन पटण्यासारखं आहे. तीन टन आलं तर पोट फुगवलंय, सहाशे किलो आलं तर कातडी हाडाला चिकटलीय.

दुसरी तोलाची. कंबरेच्या सांध्याच्या किंचित पुढे दोरा बांधून मॉडेल टांगा. ते जवळजवळ आडवं राहिलं पाहिजे. डोकं खाली झुकलं तर जिवंत प्राणीही तोंडावर पडला असता, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी ते खटकतं.

तिसरी हिशेबाची. मॉडेलभर ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवा, मग काढून सपाट करून क्षेत्रफळ मोजा आणि १०० ने गुणा. राजासॉरसला साधारण १६ चौरस मीटर येतं. मॅट (काचतंतूंची चादर), रेझिन (तिला घट्ट करणारा द्रव), माती, रंग सगळ्याचा अंदाज या एका आकड्यावरून निघतो. नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने माल मागवला की ऐन वेळी रेझिन संपतं, आणि दुसऱ्या लॉटचं रेझिन वेगळ्या वेळात घट्ट होतं.

लोखंड

पोकळ पुतळ्याचा तोल खऱ्या प्राण्यासारखा नसतो. प्राण्याचं वजन मांसात असतं, पुतळ्याचं कवचात आणि पाइपात. पोटाच्या मानाने लांब बारीक शेपटीला पृष्ठभाग जास्त, म्हणून पुतळा मागे जड होतो. हिशेब असा: ३.३ मीटर शेपटीचं लोखंडासकट वजन ४० किलो आणि त्याचा मध्य कंबरेपासून १.३ मीटरवर, म्हणजे जोर (किलो गुणिले मीटर) ५२. आता ४० किलोचा मुलगा टोकाला लोंबकळला तर एकट्या त्याचे १३२. तो लोंबकळणारच. दोन्ही मिळून १८४ येतात, शेपटीचा पाइप आणि कंबरेचा जोड एवढ्याला पुरला पाहिजे.

पायांना ७६ मिमी व्यासाचा, साडेचार मिमी जाडीचा पाइप घ्या, मीटरला साधारण आठ किलो भरतो. घोट्याजवळ तो प्राण्याच्या पायात मावत नाही आणि मोह होतो पाइप बारीक करायचा. करू नका. सगळा जोर तिथेच येतो. घोट्यात पोलादी पट्ट्या वेल्ड करून पाइप मजबूत करा, वाटल्यास घोटा दोन सेंमी जाड होऊ द्या. एक पाय टेकलेला आणि दुसऱ्याची टाच उचललेली अशी चालती ढब घेतली तर टेकलेल्या पायाने एकट्याने सगळा भार पेलला पाहिजे, दुसरा फक्त मदतीला. शेपटीखाली खडक किंवा ओंडका देऊन आधार लपवायची पद्धत आहे. कामचलाऊ आहे, दिसते पण.

दोन्ही पाय ३०० × ३०० × १२ मिमीच्या तळपट्ट्यांवर उभे करा, प्रत्येकीला चार एम-१६ बोल्ट. संग्रहालयं संगमरवरात भोकं पाडू देत नाहीत, म्हणून १०० मिमी चॅनलची २.५ × १.५ मीटरची चौकट करून तळपट्ट्या तिला बांधा आणि चौकट खोट्या जमिनीखाली लपवा. पुतळा उघड्यावर असेल तर वाऱ्याचा हिशेब लागतो, तो स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सहीसकट घ्या.

पाइपावर दर २५–३० सेंमीला १२ मिमी प्लायचे छेद बसवतात. मॉडेलचं थ्री-डी स्कॅन करून संगणकात त्याचे काप घ्या, खऱ्या मापात कागदावर छापा, प्लायवर चिकटवून कापा. प्रत्येक छेद चारी बाजूंनी तीन सेंमी लहान ठेवा, तेवढी जागा मातीची. छेदांमधल्या पोकळीत थर्माकोल भरून तापलेल्या तारेने उतरवा.

वाहतुकीचा विचार इथेच करायचा, शेवटी नाही. डोकं-मान, धड, शेपूट आणि दोन पाय असे पाच भाग सुटे व्हायला हवेत. संग्रहालयाचं सगळ्यात अरुंद दार मोजून आणा. मुख्य दार मोठं असतं, अडचण आतल्या कॉरिडॉरच्या वळणावर होते. भागांच्या टोकांना लोखंडी गोल प्लेट वेल्ड करा, एम-१२ चे सहा बोल्ट पुरतात.

माती आणि कातडी

अडीच-तीन सेंमी थर धरला तर साधारण पाऊण टन ओली माती लागते. थर्माकोल नीट उतरवला नसेल आणि थर साडेचार सेंमीवर गेला तर तीच सव्वा टन होते, आणि पोटाखालची माती रात्रीतून गळून पडते. पोटाखाली तारेला बांधलेल्या लाकडी फुल्या टांगा, माती त्यांना धरून राहते. गणपतीच्या कारखान्यात शाडू जशी ओल्या फडक्याखाली ठेवतात तसंच इथेही, फडक्यावरून प्लास्टिक.

खवल्यांसाठी कार्नोटॉरसच्या कातडीचे ठसे उपयोगी. बारीक खवल्यांच्या जमिनीवर मध्येमध्ये दोन ते साडेसहा सेंमी व्यासाचे उंचवटे, तेही रांगेत नाहीत तर विखुरलेले. पिसांचा पुरावा त्यात नाही. मगरीची पाठ कॉपी करू नका, तिच्या खवल्यांखाली हाडाच्या ढाली असतात. त्यापेक्षा घोरपडीचं अंग जवळून पाहा.

खवला कसा उठवायचा: मातीवर पातळ प्लास्टिकचा कागद ताणून धरा आणि त्यावरून बोथट लाकडी कोरणीने रेघ ओढा. कागदामुळे रेघेच्या कडा आपोआप गोल होतात आणि दोन रेघांमधला तुकडा उशीसारखा फुगतो. कागद न लावता कोरलं तर कडा धारदार येतात आणि कातडीऐवजी तडकलेली जमीन दिसते. एक चौरस मीटर नीट भरायला एका माणसाचे दोन-तीन दिवस जातात, म्हणून बरेच जण रबरी ठसे करतात. करा, पण निदान सहा वेगवेगळे, आणि प्रत्येक वेळी फिरवून दाबा. एकच ठसा सरळ रांगेत उमटला की दहा फुटांवरून फरशी दिसते. गुडघ्याच्या मागे, गळ्याखाली, काखेत खवले बारीक, कुशीवर मोठे. सुरकुत्या हालचालीच्या आडव्या जातात. चेहऱ्याचं हाड या कुळात खडबडीत असतं, त्यावर कडक आवरण असावं, म्हणून तिथे मऊ गाल दाखवू नका.

साचा

सगळ्या अंगाचा साचा सिलिकॉनमध्ये घ्यावासा वाटतो. १६ चौरस मीटरवर पाच मिमी थर म्हणजे ८० लिटर, वजनात नव्वद किलोच्या वर. भाव विचारला की विचार बदलतो. डोकं, हात आणि पावलं सिलिकॉनमध्ये घ्या, धड, मांड्या आणि शेपूट थेट फायबरच्या साच्यात. फायबरचा साचा वाकत नाही, त्यामुळे तिथली कातडी उथळ हवी आणि साच्याचे तुकडे जास्त. धडाला सहा, शेपटीला चार. गंधक असलेली तेलमाती वापरली असेल तर प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन चिकटच राहतं, तिथे टिनवालं घ्या.

मातीत ५–६ सेंमी रुंदीच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खोचून विभागरेषा आखा. रेषा पाठीच्या मधोमध नेऊ नका, तिथे शिवण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते. सुरकुतीच्या खाचेतून न्या. ओल्या मातीवर पॉलिस्टर रेझिन नीट घट्ट होत नाही, म्हणून मातीला आधी चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन-तीन हात, ते वाळल्यावर मेण, मग पीव्हीए (साचा सुटावा म्हणून लावायचा, पाण्यात विरघळणारा थर). साच्याला तीन-चार थर मॅट, बाहेरून लोखंडी सळईची चौकट. चौकटीविना साचा काढल्याबरोबर पिळतो आणि पुन्हा कधी जुळत नाही. कडांना दर १५–२० सेंमीला बोल्टची भोकं साचा उघडण्यापूर्वीच पाडा.

आणि थर्माकोल कुठे उघडा राहिलाय का ते बघा. पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन लागलं की तो साखरेसारखा विरघळतो.

फायबर भरणं

१६ चौरस मीटरसाठी: जेलकोट (साच्यात सगळ्यात आधी लावायचं, मॅट नसलेलं रेझिन) १० किलो, मॅट तूट धरून २५ किलो, रेझिन मॅटच्या अडीचपट म्हणजे साधारण ६२ किलो. एवढंच कवचाचं, साच्याचा माल वेगळा धरा. कवच भरतं ८५ किलोच्या आसपास, लोखंडासकट पुतळा अडीचशे ते तीनशे किलो.

साच्याला मेणाचे चार-पाच हात, प्रत्येक वेळी घासून. मग पीव्हीए. जेलकोट अर्धा मिमी. बोटाने स्पर्श केल्यावर चिकट लागला पण बोटाला आला नाही की पहिला मॅट घाला. जेलकोट फार पातळ राहिला किंवा घाई केली तर वरच्या रेझिनमधलं स्टायरीन त्याला फुगवतं आणि मगरीच्या पाठीसारख्या सुरकुत्या पडतात. डायनासोरवर त्या चालून जातील असं वाटतं. नाही जात, रंगानंतर पापुद्रे सुटतात.

पहिला थर ३०० ग्रॅम मॅटचा, तो खवल्यांच्या खाचांत बसतो. मग ४५० चे दोन. पाय आणि कंबरेच्या जोडाभोवती आणखी दोन, म्हणजे जाडी पाच मिमीवर जाते. प्रत्येक थराला लोखंडी रोलर फिरवून हवा काढा. खवल्याच्या टोकाशी हवा राहिली तर वर्षभरात कुणाच्या तरी बोटाने तो खवला फुटतो.

हार्डनरचं प्रमाण किलोला १० ते २० ग्रॅम. एप्रिलमध्ये दुपारी दहा ग्रॅमलाही बादली बारा-पंधरा मिनिटांत गरम व्हायला लागते, म्हणून एका वेळी एक-दीड किलोच मिसळा. पावसाळ्यात उलटा त्रास: मॅट दमट होतो, थर पांढुरका पडतो, वरचा पृष्ठभाग दिवसेंदिवस चिकट राहतो. कोकणात जुलैत काम घ्यायचं तर मॅट बंद खोलीत बल्बच्या उबेला ठेवा. हार्डनर वाढवून ही चूक झाकता येत नाही.

कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं द्रव्य) आधीच मिसळलेलं रेझिन मागवा. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो, स्फोटही होतो. दोन्ही एका कपाटात ठेवू नका, एकच माप दोन्हींना वापरू नका. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, चष्मा लावूनच ओता. रेझिनच्या वासाला कापडी किंवा धुळीचा मास्क काही उपयोगाचा नाही, सेंद्रिय वाफांचं काडतूस असलेला हवा.

कवच लोखंडाला बांधताना दोघांमध्ये फोमची पट्टी ठेवा आणि वरून मॅटचे पट्टे घाला. लोखंड कवचाला थेट टेकलं तर उन्हात ते वेगळ्या मापाने वाढतं आणि बाहेर कातडीवर पाइपाची सरळ रेघ उमटते.

शिवणी, डोळे, रंग

शिवण आतून तीन थर मॅटने बांधा, बाहेरून खाच काढून लांबीने (पुट्टीने) भरा. सपाट घासून सोडून देऊ नका. इपॉक्सी पुट्टीचा पातळ थर देऊन, ती अर्धवट घट्ट झाल्यावर खवले पुन्हा कोरायचे. हे काम कंटाळवाणं असतं, आणि नेमकं हेच टाळल्यामुळे अनेक पुतळे अंगरखा घातल्यासारखे दिसतात.

डोळे ॲक्रिलिकच्या अर्धगोलात, मागून रंगवलेले. कवटीतली खोबण मोठी असली तरी दिसणारा डोळा लहान, पापण्यांनी वेढलेला. दोन्ही डोळे समोरच्या एकाच बिंदूकडे वळलेले नकोत, प्राणी तिरळा दिसतो.

रंगाआधी पुतळा साबणाच्या पाण्याने धुवा, पीव्हीए पाण्यात निघून जातं. मेण मात्र थिनरच्या फडक्यानेच निघतं. मग १८० चा पॉलिशपेपर आणि प्रायमर. मेण राहिलं तर सहा महिन्यांत रंग पापडासारखा सुटतो. राजासॉरसचा रंग कुणालाच माहीत नाही, त्यामुळे इथे मोकळीक आहे, पण एवढं मोठं जनावर सहसा भडक नसतं. आधी गडद पातळ रंग सगळीकडे लावून फडक्याने पुसा, तो खाचांत उरतो. त्यावर मधला रंग स्पंजने, शेवटी खवल्यांच्या माथ्यावर कोरड्या ब्रशने उजळ. पोट फिकं ठेवा. शिंगावर पट्टे काढायचे तर तिथे काढा, अंगभर नको. वरून बिनचकाकीचा पीयू (पॉलियुरेथेन) थर. चकाकी फक्त डोळे, नाकपुडी आणि तोंडाच्या आत. रंगाचा निर्णय कारखान्याच्या ट्यूबलाइटखाली घेऊ नका. दालनातला एक दिवा मागवून घ्या, पिवळ्या उजेडात राखाडी रंग हिरवा दिसतो.

जागेवर

आधी चौकट पातळीत, मग पाय, धड, शेपूट, सगळ्यात शेवटी डोकं. क्रम उलटा केला तर मधल्या वेळात पुतळा पुढे कलतो. शेवटची शिवण जागेवरच भरायची असते, त्यासाठी तीन दिवस मागून घ्या, उद्‌घाटनाच्या आदल्या रात्रीचा वायदा देऊ नका. बोल्ट महिन्याने पुन्हा आवळायला यायचं हे करारात लिहा.

कठडा शेपटीच्या टोकापासून सव्वा मीटर लांब. तरीही हात पोचतील, आणि पहिल्यांदा बोटं आणि नखं तुटतील. म्हणून नखांचा साचा फोडू नका. प्रत्येक मापाची दोन जादा नखं, वापरलेल्या चार रंगांचे अर्धा-अर्धा लिटर डबे आणि मिश्रणाचं प्रमाण लिहिलेला कागद संग्रहालयाच्या भांडारात ठेवून या.